नावाची पाटी आणि कामाची नोंद

(सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावी ग्रामपंचायत व सार्वजनिक वाचनालय यांच्या विद्यमाने गावातील देणगीदार आणि स्वयंसेवक यांचा गौरव समारंभ झाला. त्या प्रसंगी प्रमुख वक्त्यांनी केलेले भाषण येथे देत आहोत.)



आपल्या निमंत्रणपत्रिकेत सत्कारमूर्तींची नावे वरच्या बाजूस आणि आम्हा पाहुण्यांची नावे तळाशी छापली आहेत. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा असतो. ज्याने दिले त्याचे नाव बारीक अक्षरात आणि ज्याने केवळ हार घातला त्याचे नाव ठळक अक्षरात, असे फलक आपण पदोपदी पाहतो. तुमच्या गावाने हा शिरस्ता मोडला याबद्दल प्रथम संयोजकांचे अभिनंदन करतो.

पत्रिकेतील नावे मी लक्षपूर्वक वाचली. वाचनालयाला जागा देणारे गृहस्थ त्यांत आहेत, शाळेच्या खोल्यांसाठी पैसे देणारे आहेत. त्यांच्याच जोडीला २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नावा वल्हवणारे तरुण आहेत आणि शाळेच्या पटांगणात चुली मांडून शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या भगिनीही आहेत. पैसा देणारा आणि अंगमेहनत देणारा यांना एकाच रांगेत बसविले, ही आजच्या कार्यक्रमातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट होय. ती सोपी नाही. देणगीचा आकडा पावतीवर येतो. रात्रभर पाण्यात उभे राहिलेल्या माणसाची पावती कोणी फाडत नाही.

दात्याची जाहीर नोंद करण्याची प्रथा ही काही अलीकडची नव्हे. महाराष्ट्रात तिचा पुरावा दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर कोरलेला आहे. पुणे जिल्ह्यात कार्ल्याचे चैत्यगृह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे भाविक त्याच्या दारावरूनच जातात. त्या लेण्याच्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लहान लहान लेख आहेत. कोणता खांब कोणाच्या दानातून उभा राहिला हे ते सांगतात. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन त्यांत आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा गंधिक आहे आणि दरवाजाच्या कामाशी ज्याचे नाव जोडले आहे असा एक सुतारही आहे. जुन्नरच्या डोंगरात तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक नावाच्या एका गावाचे दान कोरलेले आहे. एका माणसाचे नव्हे, गावाचे! त्या गावात कोणी किती कार्षापण दिले हे दगड सांगत नाही, आणि माझ्या मते त्यातच त्या गावाचे शहाणपण आहे.

या लेखांची भाषा पाहण्यासारखी आहे. नाव, गाव, व्यवसाय आणि दिलेली वस्तू, एवढेच बहुधा त्यांत असते. दानशूर, कर्तव्यदक्ष, समाजभूषण अशी विशेषणे त्या सुताराच्या वाट्याला आलेली नाहीत. तरीही आज इतक्या शतकांनंतर आपण त्याच्याविषयी बोलत आहोत.

नाशिकच्याच लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी लेणे कोरवून घेतले आणि त्याला जोडून तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे होती: दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, केवळ व्याज वापरावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहा, वर्षाचे व्याज दोनशे चाळीस आणि वीस बारे दोनशे चाळीस; एकाही कार्षापणाचा फरक नाही. पण आजच्या समारंभाच्या दृष्टीने त्या लेखातील पुढची ओळ अधिक मोलाची आहे. हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखविण्यात आले आणि दप्तरी नोंदविण्यात आले, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे दात्याचा गौरव झाला तो त्याच्या स्तुतीने नव्हे, तर त्याने दिलेल्या पैशाचे काय होणार हे चारचौघांत जाहीर करून.

दात्याचा खरा मान हिशेबात असतो, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. आपल्याकडे ज्याने शाळेला पैसे दिले त्याला आपण शाल पांघरतो, श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. पुढे तीन वर्षांनी त्या खोलीचे छत गळू लागले तर त्याला कोणी सांगावयास जात नाही. मला ठाऊक असलेल्या एका संस्थेने (नाव सांगण्याचे कारण नाही) देणगीदारांची संगमरवरी पाटी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावली आणि अमुक रकमेच्या खालील नावे जागेअभावी वगळली. ज्यांची नावे वगळली गेली त्यांत शेतमजुरी करणारी काही कुटुंबे होती. पुढल्या वर्षी त्या वस्तीतून एकही पावती फाटली नाही. कोणी तक्रार केली नाही की भांडण काढले नाही. माणसे नुसती मागे सरली. समाजकार्याचे असे नुकसान कोणत्याही अहवालात येत नाही, म्हणून ते अधिक घातक असते.

लहान देणगीचे सामर्थ्य या प्रदेशाला कोणी नव्याने सांगावे असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेच्या वसतिगृहांतील मुले जगली ती पुष्कळ अंशी मूठमूठ धान्यावर. दळायला बसण्यापूर्वी एक मूठ बाजूला काढून ठेवणाऱ्या त्या स्त्रियांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आपण सर्व जाणतो. परंतु लक्ष्मीबाईंच्या मागे उभ्या असलेल्या त्या अनामिक हातांची मोजदाद कोण करणार? तळेगावचा काच कारखाना १९०८ साली पैसा फंडातून उभा राहिला. दर माणशी वर्षाला एक पैसा ही त्या फंडामागची कल्पना होती. एक पैसा देणाऱ्याला त्या कारखान्याकडे बोट दाखवून ‘हा आमचा’ असे म्हणता येत होते. अशा दानात पैशापेक्षा हा आपलेपणा मोठा असतो.

याचा अर्थ मोठ्या दात्याचे नाव लावू नये असा मुळीच नव्हे. नाव लावण्यामागे नेहमी अहंकारच असतो, हा एक सोयीस्कर गैरसमज आहे. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला नाव लाभले ते त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे. दात्याने आपल्या आईचे नाव पुढे केले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलींच्या पदवीपत्रावर एका स्त्रीचे नाव आले, यात वावगे ते काय? उलट टोकाला गाडगे महाराज आहेत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र हातात खराटा घेऊन फिरत राहिले आणि कोणाला पाया पडू देत नसत. ज्यांना नाव नको असते त्यांच्यावर नाव लादणे हाही एक प्रकारचा अनादर आहे. आपल्या यादीतील एका दात्याने नाव जाहीर करू नये अशी विनंती केली आहे, असे मला संयोजकांनी सांगितले. ती विनंती कटाक्षाने पाळावी. गुप्तदानाचा आकडा हिशेबात यावा, दाता येऊ नये.

आता स्वयंसेवकांविषयी. येथे मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण आपले गाव नदीकाठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे आणि पंचगंगेचे पाणी चढले तेव्हा शासकीय यंत्रणा, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर सारे धावून आले. परंतु पहिल्या काही तासांत दारात पोहोचला तो शेजारीच. त्याच महापुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली नाव उलटली आणि मोठी जीवितहानी झाली. त्या दिवसाचे स्मरण ठेवून मी एक विचार आपल्यापुढे मांडतो. ज्याच्या भरवशावर आपण आपली मुलेबाळे नावेत बसवितो त्याला शाल देण्यापूर्वी आपण जीवरक्षक जाकीट दिले आहे काय? नावेत किती माणसे घ्यावयाची हे ठरवून देऊन, गर्दीपुढे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला दिला आहे काय? नावाचे इंजिन पावसाळ्यापूर्वी कोण तपासतो? स्वयंसेवकाच्या जिवाची काळजी घेणे हाच त्याचा पहिला सत्कार होय. जाकीट, दोर, विजेरी, प्रशिक्षण आणि अपघात विमा यांचा खर्च आजच्या हारतुऱ्यांपेक्षा अधिक येईल, हे मी जाणतो. ज्यांनी आज देणग्या दिल्या आहेत, त्यांच्यापुढेच ही गरज ठेवीत आहे.

चुली सांभाळणाऱ्या भगिनींचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो. आपल्या समाजात स्त्रियांचे काम हे काम म्हणून मोजलेच जात नाही. स्वयंपाक तर नाहीच नाही. राज्य शासनाने २०२३ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावे ग्रामपंचायत पातळीवर महिलांचा सन्मान करण्याची योजना आणली, तेव्हा गावोगावच्या स्त्रियांची नावे प्रथमच सभेत पुकारली गेली. या पुरस्कारासाठी नावे सुचविताना पदाधिकाऱ्यांच्या घरातील नावे पुढे येतात, अशी कुजबूज काही ठिकाणी कानावर येते. ती खरी असो वा खोटी, तिला उत्तर एकच आहे: वर्षभर ठेवलेली नोंद.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ग्रामपंचायतीने किंवा वाचनालयाने एक सेवा नोंदवही ठेवावी. तीत पैसा, वस्तू, जागा, श्रम आणि वेळ हे सारे एकाच वहीत लिहावे. त्यांसाठी वेगवेगळ्या वह्या करू नयेत. ज्याने रक्तदान केले त्याची तारीख लिहावी, ज्याने स्मशानभूमीतील झाडांना उन्हाळाभर पाणी घातले त्याचे उन्हाळे लिहावेत. विशेषण एकही लिहू नये. दरवर्षी १ मे रोजी ग्रामसभा भरते, त्या वेळी ही वही प्रारंभापासून शेवटापर्यंत मोठ्याने वाचावी आणि सोबत देणगीचा जमाखर्चही वाचावा. कोणाचे नाव राहिले असल्यास ते सुचविण्याचा हक्क सभेतील प्रत्येकाला असावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांना १९५० च्या कायद्याने हिशेब ठेवावाच लागतो. परंतु तो धर्मादाय कार्यालयात दाखल होतो. गावासमोर वाचला जाणारा हिशेब ही वेगळी गोष्ट आहे. तो वाचण्यास एक तास लागेल. लागू द्यावा. आमच्यासारख्यांच्या भाषणांतून तो तास सहज वाचविता येईल!

आजचे सत्कार पुकारताना एक पथ्य पाळावे, असे मी संयोजकांना सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. नावे रकमेच्या क्रमाने न घेता वर्णानुक्रमे घेतली जातील आणि प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने काय केले एवढेच एक वाक्य वाचले जाईल. नावा वल्हवणाऱ्यांपैकी दोघे आज ऊसतोडीच्या कामावर गेल्यामुळे येथे नाहीत. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्यात आणि नावे मात्र वाचावीत. वाचनालयाच्या कार्यवाहांनी यादी घेऊन पुढे यावे, अशी त्यांना विनंती आहे.