मुलांसह दूधसागराच्या वाटेने

बेळगावहून गोव्यास निघालेल्या वडीलधाऱ्यांचा प्रवास मडगावला सुरू होतो. मुलांचा मात्र कॅसलरॉकलाच. दर 37 मीटरला सुमारे 1 मीटर उतरणारा तो घाट, बोगद्यांतील काळोख आणि एकाएकी समोर उभा राहणारा सुमारे 310 मीटर उंचीचा दूधसागर! अशा वेळी मुलांना गप्प बसवू नये. परतीच्या चढणीवर गाडीला मागूनही इंजिन का लावतात, हे त्यांना समजावून सांगावे. मात्र दारात उभे राहू देऊ नये. रुळांवर उतरून धबधबा पाहण्यास 2023 साली रेल्वेने बजावून मनाई केली. तरीही वडील माणसेच उतरू लागली, तर मुलांनी संयम कोणापासून शिकावा? खिडकीतून लाभलेले दर्शनही पुरेसे असते, हे त्यांना आपल्या वागण्यातूनच कळावे.