घर आणि वाट



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा सारा हिशेब पगाराच्या पत्रकावरून चालतो. तेव्हा आजचा विषयही त्याच पत्रकावरून मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय आहे मुंबईतील घरांचा आणि तेथील वाहतुकीचा. सरकारदरबारी हे दोन विषय मानले जातात. त्यांची खाती दोन, अर्थसंकल्पातील रकाने दोन. घराचे खाते घरे मोजते आणि गाडीचे खाते गाड्या मोजते. परंतु माणूस सकाळी घरातून निघतो आणि रात्री घरी परततो, या मधल्या वाटेचा हिशेब कोणत्या खात्यात मांडलेला असतो? आमचे म्हणणे असे की तो कोठेच मांडलेला नसतो, आणि म्हणूनच तो कामगाराच्या अंगावर पडतो.

मुंबईच्या प्रश्नाशी आपल्या गावाचा काय संबंध, असे येथे कोणास वाटेल. कोकणात आणि घाटावर असे गाव शोधून काढावे लागेल की जेथून कोणी गिरणीत गेला नाही. १९८२ च्या संपानंतर त्यांतले कित्येक जण ट्रंक घेऊन गावी परतले. आज त्यांच्या मुलांच्या, विधवांच्या नावाने घरासाठी केलेल्या अर्जांची पोच गावोगावच्या फडताळांत जपून ठेवलेली आहे. म्हणून हा प्रश्न मुंबईचा तितकाच आपलाही आहे.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच मुंबईत कापडगिरणीचे धुराडे उभे राहिले. गिरण्या वाढल्या तशा परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत चाळी उठल्या. त्या चाळींचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. एका खोलीत दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने निजत. १८९६ साली प्लेग आला तो याच कोंदट वस्तीत फैलावला. तेव्हा सरकार जागे झाले आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तरीही या वस्तीत एक गोष्ट अशी होती की जिची किंमत आज कळते. गिरणीचा भोंगा घरात ऐकू येई. पहिला भोंगा झाला की माणूस उठे आणि शेवटच्या भोंग्याच्या आत पायी चालत दारावर पोहोचे. घर आणि काम यांमधले अंतर पायांनी मोजण्याइतके होते.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. युद्धकाळात घरमालकांनी जी लूट चालविली होती तिला आळा घालणे अवश्यच होते. तथापि भाडी गोठविली की खाजगी भांडवल भाड्याची घरे बांधणार नाही, हे उघड होते. ती उणीव सरकारने स्वतः घरे बांधून भरून काढावयास हवी होती. काही वसाहती झाल्या, परंतु माणसांचा लोंढा मोठा आणि बांधकाम थोडे. जुन्या इमारतींची डागडुजी थांबली, आणि नव्याने येणाऱ्याला झोपडीवाचून गती उरली नाही.

ही झोपडी तेथेच का उभी राहिली, याचा विचार आपण क्वचित करतो. १९८१ साली मुंबईतील पदपथांवरच्या वस्त्या उठविण्याचा हुकूम निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल १९८५ साली लागला. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पण माणूस तेथे राहतो तो काम जवळ असते म्हणून, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व मात्र निःसंदिग्धपणे मान्य केले. आमच्या मते गृहनिर्माणाच्या प्रत्येक कचेरीत हे तत्त्व भिंतीवर लिहून ठेवावे. घर हलविले की कामही हलते, आणि पुष्कळदा ते हातचे जाते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दहा कोस दूर सिमेंटचे घर दिले तर तिला घर मिळाले खरे, पण ती चार कामे कोण देणार?

आता गिरण्यांच्या जमिनीकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. १९९१ च्या विकास नियमावलीत असे ठरले की या जमिनीचे तीन वाटे करावेत. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. हा न्याय्य तोडगा होता. पण २००१ साली नियम बदलला. वाटणी सर्व जमिनीची न करता, जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची करावयाची असे झाले. गिरणीच्या आवारात असे रिकामे मैदान कितीसे असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल कायम ठेवला. सार्वजनिक घरांचा वाटा आक्रसला आणि गिरणगावात मनोरे, कचेऱ्या आणि बाजार उभे राहिले.

नव्या कचेऱ्यांत काम करणारी माणसे आली कोठून? ती विरार, कल्याण, बदलापूर, पनवेल येथून लोकलने आली. गिरणीत चालत येणाऱ्याच्या जागी लोकलने येणारा आला, परंतु स्टेशनचे जिने आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पाऊस पडत असताना, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. लोकांनी पावसाला दोष दिला, अफवेला दोष दिला. आम्ही म्हणतो, जमिनीचा नियम बदलणाऱ्यांनी आणि पूल बांधणाऱ्यांनी एकमेकांचे कागद पाहिले असते तर ती माणसे त्या दिवशी कामावर पोहोचली असती. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. एखाद्या कारखान्यात असे घडले असते तर त्यास टाळे लागले असते.

गिरणी कामगारांच्या घरांचे पुढे काय झाले? २०१२ साली मोठी सोडत निघाली, नंतरही काही निघाल्या. पण अर्ज दीड लाखांहून अधिक, आणि घरे त्या मानाने थोडी. मग २०२४ साली शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. ही गावे बदलापूरच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर, बोरीबंदरपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहेत. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि त्यांनी मुंबईतच घर मागितले. पुष्कळांना हा हट्ट वाटला. फुकटाफाकटीचे घर मिळते तर दूर का असेना, असे आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले.

आता पगाराचे पत्रक काढू. समजा, शेलूस राहणारा मुलगा परळला नोकरीस जातो. घरून निघून कामाच्या दारात उभे राहीपर्यंत गाडीची वाट, बदल, चालणे धरून दोन तास. जाऊन येऊन चार. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०० तास झाले. आठ तासांच्या पाळीने भागिले तर साडेबारा पाळ्या! म्हणजे तो महिन्याला साडेबारा पाळ्या जास्त भरतो, आणि त्यांचा एक पैसाही त्याच्या पत्रकात दिसत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळवून दिली. त्यांनी मिळवून दिलेला वेळ आज लोकलच्या दांडीला लोंबकळून संपतो आहे. घर स्वस्त दिले आणि वाट महाग केली, तर ती पगारातली कपातच होय.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मुंबईत जागाच नाही. ज्या शहराने ६०० एकरांचे मनोरे होताना पाहिले त्याने हे बोलू नये. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० फुटांच्या खोलीतील कुटुंबांना त्याच ठिकाणी ५०० फुटांची घरे देण्यास २०२५ साली प्रारंभ झाला. जागीच घर देता येते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप असा की आता मेट्रो झाली, अंतराचा प्रश्न सुटला. मेट्रो चांगलीच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी वाट पूर्ण खुली झाली, आणि ती वरळीवरून जुन्या गिरणगावाखालूनच जाते. पण तिचे पल्ल्याचे तिकीट ७० रुपये आहे. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये. शिवाय मेट्रोचे स्टेशन आले की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो आणि भाड्याने राहणारा गरीब आणखी दूर फेकला जातो. लोकांच्या पैशाने बांधलेली गाडी लोकांनाच हुसकून लावते, असा हा उलटा न्याय आहे.

राहिली बस. १९४७ पासून बेस्ट ही महानगरपालिकेची आहे. ट्राम १९६४ साली बंद झाली, तेव्हा तिच्या उतारूंचा भार बसने उचलला. गेल्या काही वर्षांत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या आणि ठेकेदारांच्या वाढल्या. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा मैल बसच चालविते. ती तुटली की मेट्रो आणि लोकल दोन्ही अर्ध्या लुळ्या पडतात.

मग मागावे काय? आमचे मागणे थोडक्यात सांगतो. कोणत्याही कुटुंबास हलविण्यापूर्वी त्याच्या कामापर्यंतची वाट किती तासांची व किती रुपयांची, हे लेखी जाहीर व्हावे. वाट तयार नसेल तर घर तयार आहे असे म्हणू नये. स्टेशनाजवळ वाढीव बांधकामाची परवानगी द्याल तेथे त्यातील ठरावीक वाटा कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी राखावा, आणि ती घरे सार्वजनिक मालकीची राहावीत. लोकल, मेट्रो आणि बस यांस एकच पास असावा व तो कामगाराच्या मजुरीस पेलणारा असावा. बेस्टला स्वतःच्या गाड्या आणि रस्त्यावर स्वतःची मार्गिका मिळावी.

यांत अशक्य असे काय आहे? यासाठी घराच्या खात्याने गाडीच्या खात्याचा दरवाजा ठोठावला पाहिजे, आणि तो ठोठावण्यास दोघांनाही तुम्ही-आम्ही भाग पाडले पाहिजे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ती अर्जाची पोच आहे त्यांना आमची विनंती आहे की, घर मिळेल का, एवढेच विचारू नका. ते घर कामापासून किती तासांवर आहे, हेही विचारा. आणि उत्तर कागदावर मागा.