अग्रशाळेतील महाप्रसाद आणि अन्नसुरक्षेचा कायदा



देवस्थानातील समाराधना हे धर्मकृत्य आहे, व्यापार नव्हे. मग अन्न विकणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्याचा तिच्याशी काय संबंध, असे पुष्कळदा विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियमात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना, तो नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि २०११ च्या परवानाविषयक विनियमांत धार्मिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याचाही उल्लेख आहे. तेव्हा नोंदणी वा परवाना आणि त्याचा १४ अंकी क्रमांक अग्रशाळेलाही चुकत नाही.

कागद मिळविणे त्यामानाने सोपे. तो भिंतीवर टांगला की कर्तव्य संपले, असे मानणारेही कमी नाहीत! खरे काम त्याच विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. पाणी पिण्यायोग्य असावे, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवावे, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी. सोवळ्याची शिस्त यांतील काही गोष्टी पूर्वापार पाळीत आली आहे. तथापि आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर नुसते सोवळे पुरत नाही. अशा वेळी त्याला चुलीपासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे समितीने आधीच ठरवून ठेवावे. ऐन जत्रेच्या सकाळी भिडेपोटी कोणी बोलत नाही.

सर्वांत मोठा धोका वेळेचा. भात शिजला तरी काही जंतूंचे बीजाणू त्यात जिवंत राहतात, आणि भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष निर्माण करतात. त्यांतील एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राखावे लागते. सकाळी उतरवलेल्या भाताला, आरती लांबून पंगत दुपारी दोनला बसली, तर ही उष्णता कोठून राहणार? नारळाच्या रसातले मणगणे तर त्याहून नाजूक. उपाय खर्चाचा नाही. भात पंगतींच्या हिशेबाने दोन-तीन खेपांत शिजवावा, तापमापक ठेवावा, आणि भांडे केव्हा उतरले व केव्हा वाढले, हे वहीत लिहावे.

डबा भरून प्रसाद मागणाऱ्या यजमानाला नाही म्हणणे जड जाते. तरीही उरलेला भात व मणगणे न देता त्याला फळे, नारळ किंवा कोरडे पंचखाद्य बांधून द्यावे.