मजुरी दहा वेळा बदलली

वाचकहो, कीर्तनात टाळ-पेटीच्या साथीने केलेलं हे निरूपण आता कागदावर तुमच्या हाती आलं आहे. पवित्र शास्त्र जवळ असेल तर उत्पत्तीचा २८ वा अध्याय उघडा.

याकोब घर सोडून निघालाय. निघालाय म्हणजे पळालाय, बरं का! म्हाताऱ्या बापाला दिसत नव्हतं. त्याचा फायदा घेऊन यानं हातांना करडांची कातडी गुंडाळली आणि थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटला. एसाव जिवावर उठला. रानात रात्र झाली, उशाला धोंडा घेऊन हा झोपला. अशा माणसाला देवानं काय म्हणावं? आपण असतो तर आधी फैलावर घेतलं असतं. देवानं त्याला शिडी दाखवली. सोबत राहण्याचं, राखण्याचं, याच भूमीत परत आणण्याचं वचन दिलं. अट एकही नाही. अट घातली ती याकोबानंच! जेवणखाण, कपडालत्ता मिळाला, सुखरूप घरी आलो, तर तू माझा देव. सौदाच की हा.

पुढे वीस वर्षं मामाच्या दारी गेली. लाबानमामानं सात वर्षं राबवून घेतलं आणि लग्नाच्या रात्री राहेलऐवजी लेआ पदरात घातली. बापाच्या अंधत्वाचा फायदा घेणारा रात्रीच्या अंधारात फसला! मजुरीचं तर विचारूच नका. ३१ व्या अध्यायात याकोब बायकांना सांगतो, तुमच्या बापानं ती दहा वेळा बदलली. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हिशेबाच्या दिवशी मुकादमाची वही काय बोलेल, कोण सांगणार? बोली दहा वेळा फिरली, बेथेलचं वचन एकदाही फिरलं नाही. आणि याकोब तरी कुठे सुधारला होता? मामाकडून निघाला तोही न सांगता, चोरून.

शेकडो वर्षांनी मलाखी संदेष्टा याच याकोबाच्या वंशजांपुढे उभा राहतो. मंदिर पुन्हा बांधलेलं, आणि लोक वेदीवर आणतात काय? आंधळं, लंगडं, रोगी जनावर. त्यांना तो तिसऱ्या अध्यायात देवाचा निरोप देतो: परमेश्वर बदलत नाही, म्हणून तुम्ही नष्ट झाला नाही. या ‘म्हणून’पाशी मी नेहमी थांबतो. पवित्र देव बदलत नाही, हे ऐकून लबाडाला धडकी भरायला हवी. त्याचा पापाचा तिटकारा उद्या कमी होणार नाही. पण त्याची दयाही उद्या आटणार नाही. शिवाय इथे ‘इस्राएल’ हे मानाचं नाव नाही. हाक मारली ती याकोबाची लेकरं म्हणून, टाच धरणाऱ्याची!

तुम्ही आपला विश्वास रोज तराजूत घालून बघता ना? काल शेरभर होता, आज पावशेर. औषध लागू पडेना, म्हणजे देव दुरावला. अहो, याकोब यब्बोकाच्या काठावरून आशीर्वाद घेऊन निघाला तो लंगडतच. सुरक्षित म्हणजे न दुखावलेला, असं त्याच्या गोष्टीत कुठंच नाही.

बेथेलची ती शिडी प्रभू येशूनं नथनेलाला पुन्हा दाखवली. योहानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत चढतात-उतरतात ते मनुष्याच्या पुत्रावर. कपटी याकोबाला दिसलेलं तेच स्वर्गाचं दार, प्रभूनं ज्याला निष्कपट म्हटलं त्या नथनेलापुढेही उघडं.

आणि याकोब? मिसर देशात, मरणाच्या उंबऱ्यावर, त्याचेही डोळे आता मंद झालेत. नातवांच्या डोक्यांवर हात ठेवून तो सांगतो, जन्मापासून आजवर देवानंच मला मेंढपाळासारखं सांभाळलं. त्या बोलण्यात ‘तर’ कुठंच येत नाही.