प्रतिष्ठेची शिडी आणि शहराची जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मुंबईतील धनिकांविषयी बोलताना आपला सूर बहुधा नैतिक असतो. लग्नांतील थाटमाट, गगनचुंबी मनोरे, परदेशी मोटारी यांची यादी आपण वाचतो, संताप व्यक्त करतो आणि घरी जातो. अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला या प्रश्नाची दुसरी बाजू मांडावयाची आहे.

धनिकांचा पुष्कळसा उपभोग गरजेपोटी नसून इतरांवर छाप पाडण्यासाठी असतो, हे थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ सालीच दाखवून दिले. १९७६ साली फ्रेड हर्श याने हा विचार पुढे नेला. धान्याचे, कापडाचे उत्पादन वाढविता येते. समाजातील वरचे स्थान मात्र वाढविता येत नाही. एक वर चढला की दुसरा खाली सरकतो. म्हणूनच या स्पर्धेत 'पुरेसे' असे काही नसते.

१८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात परकीय अमदानीत भारतीयांना सभासदत्व नव्हते. पुढे वर्णाची अट गेली. पण अशा क्लबांच्या दाराबाहेरची रांग राहिलीच. कारण ज्या दारातून कोणालाही आत जाता येते, त्या दाराला प्रतिष्ठा कसली?

ही चढाओढ क्लबापुरती असती तर आपण ती हसण्यावारी नेली असती. परंतु प्रतिष्ठेची सर्वांत ठळक खूण म्हणजे राहण्याचा पत्ता, आणि पत्ता म्हणजे जमीन. गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि उद्ध्वस्त झाले. १९९१ च्या नियमावलीने या जमिनीची वाटणी मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे व मालक अशी ढोबळमानाने तीन हिश्श्यांत ठरविली होती. २००१ साली नियम बदलून ही वाटणी मूळच्या मोकळ्या जागेपुरतीच उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. आज तेथे मनोरे उभे आहेत, आणि घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांपैकी व त्यांच्या वारसांपैकी बहुसंख्य अद्याप वाटच पाहत आहेत.

महत्त्वाकांक्षा हा गुन्हा नव्हे. कामगाराची मुलगी डॉक्टर झाली तर तिच्यामुळे कोणी खाली ढकलला जात नाही. उलट वस्तीला डॉक्टर मिळतो. आपला विरोध आहे तो दुसऱ्याला खाली ठेवल्यावाचून जिची पूर्ती होत नाही, त्या महत्त्वाकांक्षेला. आणि तिच्यासाठी शहराची जमीन मोकळी करून देणाऱ्या शासनाला.

तेव्हा धनिकांना साधेपणाचा उपदेश करण्यात आपली शक्ती खर्च करू नका. या शहरात दोन प्रतीक्षायाद्या आहेत : एक क्लबाच्या सभासदत्वाची, दुसरी कामगारांच्या घरांची. नियम कोणत्या यादीकडे पाहून लिहिले जातात, हा प्रश्न प्रत्येक चाळीत, प्रत्येक सभेत विचारा.