पदवीनंतरचे स्वप्न

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



पदवीच्या शेवटच्या वर्षातील तरुणाला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो, 'पुढे काय?' त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. चांगली नोकरी, शहरात घर, जमल्यास परदेशगमन. या उत्तराला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेने अर्थालाही पुरुषार्थ मानले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सत्य आणि धर्म सांगतात, तसेच स्वतःच्या अभ्युदयाकडे दुर्लक्ष करू नकोस, असेही बजावतात. मात्र ते तेथे थांबत नाहीत. जे द्यायचे ते श्रद्धेने आणि विनयाने दे, हाही त्याच उपदेशाचा भाग आहे. मिळवणे आणि देणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत.

परंतु घरची ओढाताण असेल तर? हा प्रश्न खरा आहे. १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त बी. ए. झाले, त्याच वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले. घरावर कर्ज होते, घरात खाणारी तोंडे अनेक होती. हा बुद्धिमान पदवीधर कलकत्त्याच्या रस्त्यांवर नोकरीसाठी वणवण हिंडला. पुढे तो विवेकानंद झाला, पण आईची चिंता त्याने अखेरपर्यंत वाहिली. पितृऋण टाळून समाजऋण फिटत नाही.

डॉ. हेडगेवार १९१० साली वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला गेले. पदवी घेऊन नागपूरला परतले, पण दवाखाना थाटला नाही, संसारही मांडला नाही. १९२५ च्या विजयादशमीला त्यांनी संघकार्याचा प्रारंभ केला. असे सर्वस्वार्पण करणारे थोडेच असतात. मग इतरांनी काय करावे?

याचे उत्तर लातूरमध्ये मिळते. १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यासारखे शहर सोडून लातूरला आले. तेव्हा लातूर जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. तो मान त्याला १९८२ मध्ये मिळाला. शल्यविद्येत निष्णात झालेल्या डॉक्टरला मोठ्या शहरात काय कमी होते? पण जेथे आपल्या विद्येची गरज अधिक, तेथे जायचे, असा निश्चय करून त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. हे संन्यासी नव्हते. डॉ. कुकडे यांचा संसार होता आणि त्यांच्या पत्नी डॉ. ज्योत्स्नाताई या कार्यात बरोबरीने उभ्या राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जखमींच्या उपचारासाठी हे रुग्णालय सज्ज होते. त्या पहाटेची तयारी सत्तावीस वर्षे आधी, काही तरुणांच्या मनात झाली होती. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण लातूरला येताना त्यांच्यापुढे पुरस्कार नव्हता, रुग्ण होता.

या उदाहरणातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, आपल्या विषयात उत्तम व्हावे. कच्च्या विद्येने सेवा होत नाही, उपद्रव होतो. दुसरी, एकट्याने न निघता समविचारी मित्र जोडावेत. एकट्याचा उत्साह वर्षभरात ओसरतो, चौघांचा संकल्प टिकतो. तिसरी, स्वप्नाला पत्ता असावा. 'देशासाठी काहीतरी करायचे' हे स्वप्न नव्हे. कोणत्या गावासाठी, कोणत्या वस्तीसाठी, कोणते काम, हे ठरले की स्वप्नाचा संकल्प होतो.

ज्याच्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, धाकट्या बहिणीचे शिक्षण आहे, त्याने खुशाल नोकरी करावी आणि ती मन लावून करावी. पण पहिल्या पगारापासून थोडे धन आणि आठवड्याचे काही तास समाजाच्या नावे वेगळे काढावेत. 'स्थिरावल्यावर पाहू' म्हणणाऱ्याचे स्थिरावणे सहसा संपत नाही.

पदवीचा कागद घराच्या भिंतीवर लागेल. त्या पदवीचा उपयोग त्या भिंतीपलीकडच्या एका तरी माणसाला झाला, तर शिक्षण सार्थकी लागले म्हणावे.