बारा ते चार

फौजेत असताना मी जवानांना एक गोष्ट नेहमी सांगायचो. रेकीत घालवलेला वेळ कधी वाया जात नाही. निवृत्त झालो आणि पहिल्याच दक्षिण सहलीत हा धडा मीच विसरलो. गोष्ट कुंभकोणमची आहे.

क्रूझचा प्रवासी बेटावर उतरतो, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष जहाजाच्या भोंग्याकडे असतं. आमचं जहाज म्हणजे तीस आसनांची बस. सकाळी तंजावर सोडायचं, रात्री तिरुचिरापल्लीला मुक्काम, आणि मधल्या दिवसात कुंभकोणम परिसरातली सात ठिकाणं. छापील कार्यक्रम माझ्या खिशात. सहप्रवासी मला 'कमांडर' म्हणायला लागले होते आणि खरं सांगतो, मला ते आवडत होतं.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेलं. दगडी मंडपाला रथाची चाकं आहेत, घोडे आहेत. २००४ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. आम्ही त्याला चाळीस मिनिटं दिली. स्वामीमलैला कारागीर आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. त्यांना वीस मिनिटं.

कुंभकोणमच्या शारंगपाणी मंदिरापाशी पोहोचलो, तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. समोर अकरा मजली गोपुर आणि दर्शन बंद. तिथली बहुतेक देवळं दुपारी बाराच्या सुमारास मिटतात आणि चारच्या सुमारास उघडतात. हे कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. मी मात्र दारावरच्या माणसाशी हुज्जत घालत होतो, तेही हिंदीत.

बायको पायरीवर बसली आणि वैतागून म्हणाली, "आता चारपर्यंत इथे काय करायचं?"

शेजारून एक आजी निघाल्या होत्या, हातात फुलांची पुडी. त्या थांबल्या आणि त्यांनी मराठीत आमचं गाव विचारलं. हेल तमिळ, क्रियापदं आपल्याहून वेगळी, पण मराठीच. घरात मराठी बोलतात, म्हणाल्या, लिहितात मात्र तमिळमध्ये. मग म्हणाल्या, "घरी या. कॉफी घ्या."

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि मराठ्यांचं ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. हे मला पाठ होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणममध्ये, मराठी घरात जन्मले, हेही वाचलेलं. आदल्या संध्याकाळी बसमध्ये यावर मी वीस मिनिटं बोललो होतो. आणि तो इतिहास फुलांची पुडी घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा मी घड्याळ बघितलं. बस पावणेएकला महामहम तलावाकडे निघणार होती. फोटोसाठी पंधरा मिनिटं.

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणालो. आजी हसल्या आणि गल्लीत वळल्या.

तलावाकाठचे सोळा मंडप आम्ही भर उन्हात पाहिले. बसमध्ये बायको एवढंच म्हणाली, "अहो, नाव तरी विचारायचं होतंत."

पुढच्या वर्षी आम्ही दोघंच परत गेलो. दोन रात्री राहिलो. देवळामागच्या गल्ल्यांमधून फिरलो, दुकानांत विचारलं. मराठी घरं आहेत, असं सगळेच म्हणाले. पण फुलांची पुडी हातात असलेल्या आजी, एवढ्या पत्त्यावर कोण सापडणार? मीही तिशी-पस्तिशीचा नव्हतो आणि आजी तर ऐंशीच्या घरातल्या. त्याचा अर्थ मी बायकोशी बोललो नाही. दुपारी एका हॉटेलात पितळी दवरा-टंबलरमधून डिग्री कॉफी प्यायलो. उत्तम होती. पैसे देऊन घेतलेली होती.

सहलीला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं. कार्यक्रम जरूर आखा, पण दुपारचे बारा ते चार कोरे ठेवा. देऊळ मिटतं तेव्हा गाव घरी जेवायला जातं, आणि आपल्याला कुणी घरी बोलावलंच, तर तीच वेळ असते.

आणि नाव विचारा. जय हिंद.